मांजरांची नवीन फाईव्ह-इन-वन लस, कोणी दिलीय का?

आंबोळी
नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीची. घरात तीन मांजरं आहेत. गोधडी, वय चार, तिरंगी, ऑपरेशन झालेलं आहे आणि पडवीच्या पायऱ्या सहसा उतरत नाही. भाऊराव हा बोका, वय कोणालाच माहीत नाही, सकाळी जेवायला आणि कुठे मार खाल्ला की घरी येतो. आणि चिंगळू, अडीच महिन्यांचं पिल्लू, भर पावसात आमच्या माडाच्या बुंध्याशी केकाटत होतं म्हणून उचललं.

तर आमच्या आळीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय. मांजरांसाठी नवीन लस आलीय, एकाच सुईत पाच रोग, ल्युकेमियापासून १०० टक्के संरक्षण वगैरे. रविवारी शिबिर आहे, एका मांजराचे १८०० रुपये, पहिल्या वीस जणांना कॅटफूडचं पाकीट फुकट. आधीची ट्रायकॅट, म्हणजे तीन रोगांची नेहमीची लस, घेतली असेल तरी ही घ्यावीच लागेल असंही लिहिलंय. नवरा म्हणतो ५४०० रुपयांत आपण दोघं गणपतीपुळ्याला जाऊन राहून येऊ. मला लसीला विरोध नाही हो, पण मांजरांना ल्युकेमिया होतो हेच मला पहिल्यांदा कळलं, आणि "१०० टक्के" वाचलं की मला हापूसच्या पेटीतला कर्नाटक आंबा आठवतो. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

मेथकूट
भाऊरावांचे प्रोफाइल वाचून आमच्या मामांची आठवण झाली.

संकासुर
घेऊ नका, संपला विषय.

आता का ते सांगतो. मांजरांच्या नवीन लसी हा प्रकार नवीन नाही. अमेरिकेत २००२ साली मांजरांच्या एड्सवर म्हणजे एफआयव्हीवर लस आली होती, केवढा गाजावाजा झाला होता, आणि पंधराएक वर्षांत तिकडच्या बाजारातून गुपचूप गायब. का? तर ती घेतलेल्या मांजराची टेस्ट केली की रोग नसतानाही पॉझिटिव्ह यायची आणि संरक्षण किती मिळतं यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. एफआयपी नावाचा तो पोट फुगणारा भयंकर रोग असतो त्यावर नाकात थेंब टाकायची लस १९९१ पासून आहे, ती द्या असं आजही कुठलीच मोठी संघटना म्हणत नाही. मग ही तिसरी १८०० ची लस मी आळीच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून का द्यायची? आणि सोबत खाणं फुकट म्हणजे काय, लस आहे की तांदळाची गोण?

कालवण
ओ ताई, भाऊरावाक सुई मारताना धरतलो कोण ता आधी ठरवा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधूक परवडली.

गुरांचा डॉक्टर
मी पशुसंवर्धनमध्ये नोकरी केली, आता रिटायर होऊन चिपळूणजवळ गावी असतो. जन्म सगळा गायी-म्हशी-शेळ्यांत गेला, मांजरं शेवटच्या आठ-दहा वर्षांत यायला लागली तेव्हा पुन्हा पुस्तकं उघडावी लागली, त्यामुळे फार मोठा तज्ज्ञ समजू नका.

संकासुर यांनी दिलेली दोन्ही उदाहरणं बरोबर आहेत. पण ही लस त्या जातीची नाही. पाच रोग कुठले ते आधी बघा. पहिले तीन म्हणजे पॅनल्युकोपेनिया (उलट्या-जुलाब होऊन रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपतात), हर्पिस आणि कॅलिसी (मांजरांची सर्दी), म्हणजेच तुमची नेहमीची ट्रायकॅट. चौथा क्लॅमिडिया, त्याने डोळे येतात, हा जंतू बरेच दिवस घरात फिरत असेल तरच ती लस द्यायची. पाचवा ल्युकेमिया, म्हणजे तो करणारा एफईएलव्ही नावाचा विषाणू. आणि यातलं काहीच नवीन नाही बरं का. हा विषाणू ग्लासगोत १९६४ साली सापडला, त्यावरची पहिली लस अमेरिकेत १९८५ ला आली. आपल्या आळीत ती या वर्षी पोचली म्हणून नवीन.

ल्युकेमिया लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणं, एका ताटलीत खाणं, चावाचावी. हवेत फार टिकत नाही, साबणाने मरतो. लहान पिल्लांना धोका जास्त, वय वाढेल तसा कमी होत जातो. म्हणून चिंगळूला ही लस देण्यात अर्थ आहे, गोधडी घरातच असेल आणि बाहेर फिरणाऱ्या मांजराशी तिचा संबंध येत नसेल तर तिला फारसा नाही, आणि भाऊराव बाहेर मारामाऱ्या करतो म्हणून त्याचा विचार व्हावा. पण त्याआधी रक्ताचा एक थेंब घेऊन टेस्ट करायची. ज्याला आधीच लागण झालीय त्याला लस देऊन काडीचा उपयोग नाही. शिबिरात टेस्ट करणार आहेत का ते विचारा. आणि १०० टक्के असं कुठल्याच लसीचं नसतं, हर्पिस-कॅलिसीची तर लागण थांबतही नाही, आजार सौम्य होतो एवढंच.

मला वेगळाच प्रश्न पडलाय. आंबोळीताई, तिघांचं रेबीज झालंय का? तुमच्या पोस्टमध्ये तो शब्दच नाही.

आंबोळी
@गुरांचा डॉक्टर, गोधडीचं झालंय, ऑपरेशनच्या वेळी. म्हणजे तीन वर्षांपूर्वी. बाकी दोघांचं... नाही. 🙈

चाकरमानी ठाणे
लसीवर विश्वास नाही म्हणणाऱ्यांना आणि लस दिली की झालं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही माझी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीला गावी (देवगड) गेलो होतो, येताना मुलीच्या हट्टामुळे एक पिल्लू आणलं, दोन महिन्यांचं, करडं, शेपटीला गाठ. ठाण्याला आल्या आल्या ट्रायकॅट दिली, कार्ड केलं, फोटोबिटो काढले आणि दुसरा डोस महिन्याने म्हणून सांगितलं होतं तर तो माझ्या ऑफिसच्या गडबडीत राहिला, राहिला म्हणजे मीच उद्या उद्या करत राहिलो. साडेतीन महिन्यांचं असताना एका सकाळी पाण्याच्या वाटीसमोर मान खाली घालून बसलेलं दिसलं, पाणी पित नव्हतं, नुसतं वाटीकडे तोंड करून बसलं होतं. मग पिवळी फेसाळ उलटी, मग जुलाब, तो वास मी विसरणार नाही. पॅनल्युको. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य. तीन दिवस सलाईन लावलं, चौथ्या दिवशी पहाटे गेलं.

मी डॉक्टरला म्हटलं, लस तर दिली होती. तेव्हा त्याने सांगितलं की आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस लागूच पडत नाही, ती कधी उतरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी देत जायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. एक डोस म्हणजे लॉटरीचं तिकीट.

मेथकूट
वाईट झालं. मुलगी कशी आहे आता?

चाकरमानी ठाणे
आता ससा पाळायचा म्हणतेय. मी अजून हो म्हटलं नाहीये.

गुरांचा डॉक्टर
@चाकरमानी ठाणे, तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर सांगितलं. एक भर घालतो, तो विषाणू घरात वर्षभरही राहू शकतो. नवीन मांजर आणणार असाल तर फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. फिनाईल वापरू नका, त्याने मांजरांना विषबाधा होते.

संकासुर
@गुरांचा डॉक्टर, ल्युकेमियाचं पटलं, माझं "संपला विषय" मागे घेतो. पण दर वर्षी सगळ्या लसी पुन्हा पुन्हा द्या हे तरी धंदा आहे की नाही सांगा. माझ्या दापोलीच्या मांजरीला सहा वर्षांत सहा ट्रायकॅट झाल्या. सहाव्या वेळी खांद्याच्या मध्ये गाठ आली. आमच्याकडचा म्हणाला जिरेल. जिरली नाही. लिंबाएवढी झाली तेव्हा कोल्हापूरला नेली, कापली, सात महिन्यांनी परत तिथेच. मी कोणाचं नाव घेत नाही पण तेव्हापासून माझा या लोकांवरचा विश्वास उडालाय आणि मला उगाच लसविरोधी म्हणू नका, मी स्वतः सगळ्या घेतल्यात.

सुपारीबाग
अरे बापरे. मला वाटायचं हा तुझा नेहमीचा खाक्या आहे, शिमग्यातला. हे माहीत नव्हतं रे.

गुरांचा डॉक्टर
@संकासुर, वाईट वाटलं. तुमचा राग अनाठायी नाही. सुई टोचल्या जागी होणारा हा कॅन्सर मांजरांत असतो, १९९१ पासून त्यावर लिहिलं जातंय. दुर्मीळ आहे, दहा हजार मांजरांत एखादं असा साधारण अंदाज सांगतात, पण ज्याची मांजर असते त्याच्यासाठी ते दहा हजार कुठे मोजायचे.

यातून दोन गोष्टी शिकलोय. एक म्हणजे सुई खांद्यांच्या मध्ये द्यायची नाही, पायात खालच्या बाजूला किंवा शेपटीत द्यायची, म्हणजे वेळ आलीच तर पाय किंवा शेपूट काढून जीव वाचतो. ऐकायला क्रूर वाटतं. दुसरं म्हणजे गाठीचा हिशेब ३-२-१. तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा लस दिल्यावर महिन्यानंतरही वाढतच राहिली, यातलं एकही असेल तर "जिरेल" म्हणायचं नाही, तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

आणि तुमच्या धंद्याच्या प्रश्नाचं उत्तर, पिल्लूपणीचे डोस पूर्ण झाले, सहा महिन्यांच्या ते वर्षाच्या आसपास एक बूस्टर झाला की घरातल्या मांजराला ट्रायकॅट तीन वर्षांनी एकदा पुरते. दर वर्षी देण्याची सवय जुनी आहे. मीही दिल्यात, कबूल करतो. रेबीजचं मात्र लेबलवर लिहिलं असेल त्याप्रमाणे वेळच्या वेळी, त्यात कंजुषी नको.

कालवण
रेबीजचा विषय निघाला म्हणून शुद्ध भाषेत लिहितो, कारण ही गजाल नाही. मी दोडामार्गचा. आमच्या आज्याला १९७० च्या सुमारास घरचीच माजर चावली, ती आठ दिवस कोपऱ्यात बसून होती आणि पाणी दिसलं की फिसकारायची. आज्याला पणजीला नेऊन बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं दिली, रोज एक. ती लस तेव्हा मेंढीच्या मेंदूपासून करायचे. आजा म्हणायचा पोट असं झालं होतं की जसा फणस. वाचला, ८१ वर्षांचा होऊन गेला. पण मरेपर्यंत घरात माजर ठेवू दिली नाही.

मेथकूट
अजून चौदा असतात? 😳

गुरांचा डॉक्टर
नाही हो. ती लस आपल्याकडे २००५ पासून बंदच आहे. आता दंडात चार-पाच, वेगवेगळ्या दिवशी, पहिली त्याच दिवशी. मांजर चावली तरी घ्यायची, कुत्राच लागतो असं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. चुना, हळद, मिरचीपूड काही भरू नका, आमच्या भागात अजून भरतात. जखमेतून रक्त आलं असेल तर दवाखान्यात इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (जखमेत द्यायचं तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) आठवणीने विचारा. हा रोग एकदा दिसायला लागला की माणूस वाचत नाही, आणि त्याची मांजराची लस त्या १८०० च्या मानाने फारच स्वस्त आहे.

कालवण
आणि संकासुरभाऊंच्या यादीत एक आमच्याकडची घाला. २०१६ ला आमच्या तालुक्यात माकडताप आला, काजूच्या बागेत माकडं मरून पडायची, माणसंही गेली. तेव्हा त्याच्यावरची लस होती, पुढे तिचा परिणामच पुरेसा नाही म्हणून ती बंद केली. म्हणजे लस बंद होते, चुकते, बदलते, हे आम्ही बघितलंय. तरी काजूत जाताना लोक अंगाला तेल लावून जातात आणि गोचीड बघतात, घरात बसून राहत नाहीत.

सुपारीबाग
मुख्य मुद्दा कोणीच काढला नाही. लाईट.

श्रीवर्धनला निसर्ग वादळ आलं, ३ जून २०२०. आमची सुपारीची १४० झाडं आडवी झाली ते सोडा. आमच्याकडे पुढे महिनाभर लाईट नव्हती. आमच्या इथल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे फ्रीजमध्ये लसी होत्या, त्या माणसाने दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या, माझ्यासमोर एका टोपात ओतल्या आणि म्हणाला, ही माझी पावसाळ्याची कमाई. मी म्हटलं एवढ्या काय खराब झाल्या असतील, बाटलीत तर तसंच दिसतंय. तो म्हणाला तसंच दिसतं हाच तर घोळ आहे, २ ते ८ डिग्रीच्या बाहेर गेलं की आतलं मरतं आणि बाहेरून कळत नाही.

त्याच्या जागी दुसरा असता तर त्याच बाटल्या विकल्या असत्या आणि आपल्याला कधी कळलंही नसतं. त्यामुळे मला लस कुठली, नवीन का जुनी यापेक्षा ती मुंबईहून कशातून आली आणि वाटेत किती वेळ उन्हात उभ्या गाडीत होती हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे साधा पापलेट बर्फाशिवाय कोणी घेत नाही, गालफडं उघडून बघतात, आणि लस मात्र डोळे मिटून.

गुरांचा डॉक्टर
लाखातली गोष्ट. आंबोळीताई, शिबिराला जाच, पण कोळणीकडे मासे बघायला जाता तशा जा. बाटल्या कशात ठेवल्यात बघा. थर्मामीटर आहे का बघा. बर्फावर थेट ठेवलेल्या नकोत, काही लसी गोठल्यानेही वाया जातात. ट्रायकॅटच्या बाटलीत पांढरी वडी असते, त्यात दुसऱ्या बाटलीतलं पाणी मिसळायचं, आणि मिसळलं की लगेच टोचायचं. ते तुमच्या डोळ्यांसमोर मिसळायला सांगा. बाटलीवरचं स्टिकर काढून कार्डावर लावून घ्या. आणि घरी येऊन मांजराला जरा कणकण वाटली तर क्रोसिन देऊ नका, चुकूनसुद्धा. पॅरासिटामॉल मांजराला मारतं. असे दोन बोके मी घालवलेत, म्हणजे मालकांनी प्रेमाने दिलं होतं, रात्री माझ्याकडे आणले तेव्हा हिरड्या तपकिरी पडल्या होत्या.

मेथकूट
आणि भाऊराव धरायचे कसे यावर अजून कोणीच बोललं नाही.

सुपारीबाग
कांद्याची जाळीची गोण. आत बांगड्याचं डोकं टाकायचं, आत गेला की तोंड आवळायचं, जाळीतूनच सुई मारता येते. उशीचा अभ्रा वापरू नका, आमच्याने तो फाडला आणि वहिनीचा हातही.

चाकरमानी ठाणे
बांगडा आता २५० ला चार मिळतो हो, डोकं तरी कुठे टाकायचं.

कालवण
ठाण्यात मिळता. हय नाय. 😄

आंबोळी
मंडळी, उशीर झाला लिहायला. रविवारी गेले होते, चिंगळूला पिशवीत घालून. बाकी दोघांना घरीच ठेवलं.

दुकानाबाहेर मंडप, पंधरा-वीस माणसं, स्पीकरवर गाणी. मांजरं पिंजऱ्यात थरथर कापतायत. टेबलावर थर्मोकोलचा मासळीचा असतो तसा बॉक्स, झाकण उघडंच, आत पाण्यात तरंगणाऱ्या बाटल्या, बर्फ कधीचा विरघळला होता. साडेअकरा वाजले होते आणि ऊन मी म्हणत होतं. आणि शेजारी स्टीलच्या ट्रेमध्ये दहा-बारा सिरिंज आधीच भरून ठेवलेल्या, टोप्या लावून, ओळीने. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं नसतं तर मला ती तयारी बघून उलट बरंच वाटलं असतं, किती शिस्तीत काम चाललंय म्हणून.

मी विचारलं टेस्ट करता का. त्या मुलाने विचारलं कसली टेस्ट. म्हटलं ल्युकेमियाची. तो म्हणाला मॅडम लस दिली की टेस्टची गरजच नाही. मग मी म्हटलं माझ्यासमोर नवीन बाटली मिसळाल का, तर म्हणाला एवढी लाईन आहे. मागच्या काकू मला म्हणाल्या, घ्यायची नसेल तर बाजूला व्हा. झाले बाजूला.

सोमवारी दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथे फ्रीजच्या दाराला तापमानाचा कागद लटकवलेला होता, सकाळ-संध्याकाळ सही केलेला. चिंगळूला ट्रायकॅटचा पहिला डोस, मागच्या पायात. पुढचा चार आठवड्यांनी, तेव्हा रेबीजची लस आणि ल्युकेमियाची टेस्ट. टेस्ट निगेटिव्ह आली तर ती लसही देणार आहे, संकासुर यांची क्षमा मागून. गोधडीचं रेबीज परवा झालं. तिने डॉक्टरांना काही केलं नाही, मला केलं, पण तिची आधीची लस झालेली होती म्हणून नुसतं साबणाने धुतलं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, तरी उद्या जाऊन विचारून येणार आहे.

संकासुर
क्षमा कसली. पायात दिली ना, बास. पुढच्या महिन्यात पायावर हात फिरवून बघत जा, रोज नको, आठवड्यातून एकदा.

मेथकूट
भाऊराव?

आंबोळी
जाळीची गोण आणून पडवीत ठेवली त्याला आज चौथा दिवस. बांगड्याचं डोकं रोज सकाळी गायब, गोण तशीच. काल बघितलं तर खालून भोक पाडलंय.

कालवण
हुशार असा तो. तुमच्या आळीत ५४०० वाचवलेलो एकटोच.

मेथकूट
आणि ते फुकटचं कॅटफूड?

आंबोळी
मागच्या काकूंनी त्यांचं पाकीट उघडून मूठभर दिलं, चिंगळूसाठी म्हणून. एकानेही तोंड लावलं नाही. शेजारच्या कोंबड्या खातायत.